खारूसाठी जाकीट

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनपाशी तो बसायचा; पण त्याचा आवाज पार फूटपाथपर्यंत जायचा. पुढे मालक गिऱ्हाइकाशी बोलत असला तरी हा मागून तोंड घालणारच. एखाद्या म्हाताऱ्याच्या नाकावर नवा चष्मा चढवताना म्हणायचा, "आजोबा, आता आजी अगदी स्पष्ट दिसतील. मग तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका." मालक वैतागायचा, पण गिऱ्हाइकं परत यायची ती ह्याच्यासाठीच. हातात गुण होता. वाकडी दांडी, सैल झालेला स्क्रू, नाकावरून घसरणारी फ्रेम, काहीही असो, त्याच्या बोटांत गेलं की सरळ होऊन यायचं. रस्त्यात, दवाखान्याच्या रांगेत, कुणाच्या मयतालासुद्धा लोक त्याला गाठून डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात द्यायचे, आणि हा गप्पा मारता मारता नीट करून परत द्यायचा.

लग्न त्यानं केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ताईनंच त्याला वाढवलं. त्याच्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले तरी ती त्याला 'छोट्या' म्हणायची. ताईचं लग्न उशिरा झालं आणि मूल त्याहून उशिरा. भावजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातले थोडेच दिवस घरी. त्यामुळे पोरीला डॉक्टरकडे नेणं, घोडा घोडा करणं, ताप आला की खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणं, हे सगळं मामाकडे. बिस्किट दोन्ही हातांत धरून ती कडेकडेनं कुरतडत बसायची म्हणून त्यानंच तिचं नाव पाडलं, खारू. पुढे तिचं खरं नाव फक्त डॉक्टरांच्या कागदावर उरलं.

खारू तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात पोहायच्या तलावावर जायचं ठरलं. शेजारची सगळी पोरं जात होती. ताईला पाण्याची भीती वाटायची, पण पोरीनं तशीच घाबरट होऊ नये असंही तिला वाटायचं. जायच्या आधी तिघं खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली.

दुकानदारानं काउंटरवर ढीग घातला. दंडावर चढवायचे फुगे, हवा भरायच्या ट्यूब, आणि फोमचं एक निळसर जाकीट. जाकिटाला पुढे जाड चेन होती, छातीवर बकल आणि दोन पायांमधून घ्यायचा एक पट्टा. ताईनं ते खारूला घालून पाहिलं. पोरीनं आकांत मांडला. हात लाकडासारखे बाजूला, हनुवटीखाली फोम टोचतोय, तोंड लालबुंद. तेवढ्यात तिचं लक्ष वर टांगलेल्या ट्यूबकडे गेलं. पिवळाधमक मासा, मोठे हसरे डोळे, मध्ये चड्डीसारखी बैठक आणि पाय घालायला दोन भोकं. रडणं तिथल्या तिथे थांबलं.

"ताई, मासाच घेऊ," तो म्हणाला.

"जाकीट बरं वाटतंय रे मला. हे उलटंबिलटं झालं तर?"

"अगं, गुडघाभर पाण्यात उलटं काय होतंय? आणि मी आहे ना शेजारी. त्या जाकिटात पोरगी पाण्यात उतरायच्या आधीच रडून रडून बुडेल."

ताईला हसू आलं. दुकानदारही हसला आणि त्यानं मासा खाली काढला. घरी येईपर्यंत खारूनं तो कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

तलावाच्या उथळ भागात त्या दुपारी गर्दी होती. खारू माशात बसून पाय मारत होती, पाणी उडवून खिदळत होती. तो कमरेपर्यंतच्या पाण्यात तिच्याजवळ उभा होता. ताई काठावर बसून बघत होती. थोड्या वेळानं खारूला भूक लागली, म्हणून ताई डबा आणायला कपडे बदलायच्या खोलीकडे गेली. जाताना म्हणाली, "लक्ष ठेव." तो म्हणाला, "हो गं."

तेवढ्यात मागून हाक आली. ओळखीचं गिऱ्हाईक, एक जाडा, आनंदी गृहस्थ, स्वतःच्या मुलाला घेऊन आलेला. "अहो चष्मेवाले, बरे भेटलात! ही दांडी बघा जरा, पोरानं पाय दिला." त्यानं चष्मा पुढे केला. मामानं सवयीनं हात पुढे केला, उन्हाच्या दिशेला वळला, दांडी बोटांत धरून कुठे वाकली ते बघू लागला. काहीतरी विनोदही केला. काय केला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही, पण तो गृहस्थ मोठ्यानं हसला होता एवढं आठवत होतं.

आवाज काहीच झाला नाही. किंकाळी नाही की पाण्याची धडपड नाही. पलीकडून एक चेंडू तरंगत आला असावा आणि तो धरायला पोरगी पुढे वाकली असावी. वळून पाहिलं तेव्हा मासा उलटा झाला होता आणि वर दोन इवलेसे पाय दिसत होते.

आणि तो हसला. त्याला वाटलं, पोरगी काहीतरी गंमत करतेय. तेवढे एक-दोन श्वास तो हसत उभा राहिला. मग पाय हलत नाहीत हे लक्षात आलं. झेप घेऊन त्यानं तिचे पाय धरून वर ओढलं, तर ती वर येईना. ट्यूब कमरेला घट्ट बसली होती, आणि ओढावं तसं डोकं पाण्यातच राहत होतं. शेवटी त्या गृहस्थानं दुसऱ्या बाजूनं मासा धरून उलटवला. पोरीचा चेहरा निळा पडला होता. काठावर जीवरक्षकानं तिला आडवं केलं, तोंडात हवा फुंकली, छाती दाबली, पुन्हा फुंकली. ताई डबा घेऊन परत आली ती ह्या गर्दीच्या मागे येऊन उभी राहिली, आणि कुणाचं मूल आहे हे बघायला टाचा उंच करू लागली.

खारू जगली. हॉस्पिटलात कित्येक दिवस नळ्यांत पडून होती, मग नळ्या निघाल्या, डोळे उघडले. पण डोळे कुठेच बघत नव्हते. डॉक्टर वयस्क होते, त्यांनी दोघांना खोलीत बसवून सांगितलं की मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही. मान कदाचित धरेल. चालणं, बोलणं ह्याची आशा धरू नका. भावजींचा ट्रक तेव्हा वाटेतच होता. ताई डॉक्टरांकडे न बघता टेबलाकडे बघत होती. बाहेर आल्यावर ती भावाला म्हणाली, "मी जाकीट घेऊ म्हटलं होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. नंतर त्याविषयी ती कधी एक अक्षर बोलली नाही. नातेवाइकांनी खोदून विचारलं तर म्हणायची, "पाणी होतं. झालं." भावजी आले तेव्हा त्यानं त्यांचे पाय धरले. भावजींनी त्याला उठवलं, पण जवळ घेतलं नाही. "उठा," म्हणाले. आजवर त्याला अरेतुरे करणारा माणूस त्या दिवशी अहोजाहो करायला लागला, तो कायमचा.

तलावावरच्या माणसानं त्यांचं राहिलेलं सामान पिशवीत घालून आणून दिलं. त्यात हवा गेलेला मासा होता. टाकून द्यायला मामा तो घेऊन निघाला, आणि वाटेत सहज उलटा करून पाहिला तर हवा भरायच्या तोटीजवळ, शेपटीच्या रंगातच मिसळून गेलेली बारीक अक्षरं होती. हे जीव वाचवायचं साधन नाही, मूल हाताच्या अंतरावर ठेवा. लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून दिवसभर काचा घासणारा माणूस तो. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली.

दर रविवारी तो ताईकडे जायचा. ताई दार उघडायची, पाणी द्यायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. तो खारूजवळ बसायचा. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मुठी आवळलेल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं तसा तो एकेक बोट सोडवायचा, टाचा हातात धरून हळूहळू पाय लांब करायचा. दुखलं की ती विव्हळायची, आणि आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबायचा. त्यानं हात थांबवला की भांडी पुन्हा वाजायची.

दुकानात त्याचं बोलणं आटलं. मालकाला आधी बरं वाटलं, मग चैन पडेना. कधीतरी मात्र तो बोलायचा, आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट असायचं. एकदा एक जोडपं सुट्टीला निघायच्या आधी चष्मा न्यायला आलं. त्यांच्या मुलाच्या कमरेला खेळण्यांच्या दुकानातच फुगवून घेतलेली ट्यूब होती, बदकाच्या तोंडाची. मामा मागच्या खोलीतून बाहेर आला तो सरळ मुलाच्या बापाजवळ गेला.

"ह्याला हे घालून पाण्यात सोडू नका. हे उलटं होतं. झाल्यावर आवाज येत नाही."

बाप गडबडला. "अहो, आम्ही असणार आहोत ना तिथे."

"मीही होतो."

मुलाच्या आईनं मुलाला मागे ओढलं. "काय अभद्र बोलताय! जाताना असं बोलतात का कुणाला?" दोघं चष्मा घेऊन तणतणत निघून गेले. मालक म्हणाला, "अरे, तुझं दुःख मला कळतं. पण आपण चष्मे विकतो." मामानं मान हलवली आणि पुन्हा मशीनपाशी जाऊन बसला.

तो जाडा गृहस्थही एकदा आला. बरेच महिने उलटले होते. अंगानं निम्मा झाला होता. त्या दिवशी मामाच्या हातून तलावात पडलेला त्याचा चष्मा कुणालाच सापडला नव्हता, आणि इतके दिवस त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातला, नीट न बसणारा वापरला होता. काउंटरवर त्यानं दोन्ही हात टेकले. मग म्हणाला, "मी त्या दिवशी तुम्हाला हाक मारली नसती तर..."

मामानं त्याच्या नाकावरचा चष्मा हलकेच काढून घेतला. उजेडात धरला. "तुमचं नाक वरून अरुंद आहे," तो म्हणाला. "पॅड बदलावे लागतील. बसा." पॅड बदलले, दांड्या गरम करून कानामागे बसतील अशा वळवल्या, चष्मा परत चढवला. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे नीट बसलाय की नाही हे सांगायला त्याला वेळ लागला. माणूस गेल्यावर मामा मागे जाऊन बराच वेळ मशीन चालू न करता बसून राहिला.

खारू सहा वर्षांची झाली. उंची वाढली, तसे पाय जास्त आखडले. मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यातून सरकायला लागलं होतं. कपडे बदलायला नुसतं उचललं तरी ती किंचाळायची. व्यायामाच्या बाईंनी आधीही सुचवलं होतं, आता हट्टच धरला. "तिला कोमट पाण्यात उतरवू या. आमच्या केंद्रात छोटा हौद आहे. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, स्नायू सैल पडतात. पाय बरे होणार नाहीत, पण दुखणं कमी होईल." ताईनं पाणी हा शब्द ऐकूनच मान फिरवली. जवळजवळ वर्षभर ती नाही म्हणत राहिली. एकदा मात्र अंघोळ घालताना पोरीचा पाय असा काही अडकला की तिच्या ओरडण्यानं शेजारचे धावून आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताई दुकानात आली. अपघातानंतर पहिल्यांदा. मालकानं मागे आवाज दिला. मामा हात पुसत बाहेर आला.

"खारूला काही...?"

"नाही. तिच्याजवळ शेजारीण आहे. मला खरेदीला जायचंय. तू चल."

"कसली खरेदी?"

"पाण्यात घालायचं जाकीट. बाईंनी सांगितलंय कसं हवं ते."

तो काउंटरला धरून उभा राहिला. "ताई, मी नको. भावजींना घेऊन जा. नाहीतर त्या बाईंनाच घेऊ दे."

"तुझे भावजी दुकानदार देईल ते घेऊन येतील. बाईंना दिवसभरात पन्नास पोरं." ती त्याच्याकडे सरळ बघत होती, इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं तशी. "मला घाबरलेला माणूस पाहिजे. तुझ्याएवढं दुसरं कुणी घाबरणार नाही."

चापट बसावी तसं त्याला वाटलं. पण त्यानं मालकाला सांगितलं आणि चपला घातल्या.

घरून खारूला चाकाच्या खुर्चीत घेऊन ते निघाले. दुकान वेगळं होतं, रुग्णांच्या सामानाचं. कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, पाठीचे पट्टे. तिथली मुलगी हुशार होती. तिनं तीन जाकिटं काढली. हवेचं एकही नव्हतं. सगळी फोमची, आतल्या बाजूला किती वजनाच्या मुलासाठी ते सांगणारी चिठ्ठी शिवलेली, आणि डोक्यामागे उशीसारखा भाग, तोंड वर राहावं म्हणून.

मामानं पहिलं जाकीट हातात घेतलं, शिवण ओढून पाहिली, बकल लावून झटका दिला. मग खारूला घातलं. हात आत जाईनात, तेव्हा आधी कोपर चोळून सैल केलं, अगदी हळू, एकेक करून. चेन लावली, पायांमधला पट्टा ओढला. मग दोन्ही खांद्यांशी जाकीट धरून वर उचललं. पोरीची हनुवटी आत बुडाली, कान झाकले गेले.

"मोठं आहे," तो म्हणाला.

"वाढत्या अंगाला थोडं मोठंच घेतात काही जण," मुलगी म्हणाली.

"नको."

दुसरं छातीवर इतकं घट्ट झालं की खारूचा श्वास वाजायला लागला. तिसरं उचललं तेव्हा ते अंगाबरोबर वर आलं आणि हनुवटी बाहेर राहिली. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा. खुर्ची हलायला लागली. ताईनं खुर्ची धरली, पण त्याला थांबवलं नाही. त्यानं बोट घालून गळ्याशी जागा पाहिली, पट्टा सोडून परत बांधला, बाजूनं वाकवून पाहिलं, पुढे वाकवून पाहिलं. दुकानातली मुलगी कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आली, तरी ह्याचं चाललेलंच होतं. खारू रडली नाही. दुकानाच्या दिव्याकडे बघत होती, किंवा बघत नव्हती.

"हे," तो शेवटी म्हणाला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

मुलीनं जाकीट घडी करून पिशवीत घातलं आणि रोजच्या सवयीनं म्हणाली, "काका, हे घातलं तरी पाण्यात एकटं सोडू नका हं. हे फक्त मदतीला असतं, धरायचं आपणच."

पिशवी घ्यायला पुढे आलेला त्याचा हात तिथेच थांबला. मुलीला काहीतरी चुकल्यासारखं वाटून तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"नाही सोडणार," ताई म्हणाली.

हौद लहान होता, जेमतेम एका मोठ्या खोलीएवढा. पाण्याची वाफ भिंतीवरच्या फरशीवर बसलेली. ताई दारातच थिजली. काठापर्यंत येणंसुद्धा तिला जमेना, म्हणून पाण्यात उतरायचं त्याच्यावर आलं. तो पायऱ्या उतरला आणि त्याचे दात वाजायला लागले, पाणी कोमट असूनही. व्यायामाच्या बाई आधीच आत होत्या. "तुम्ही थरथरलात तर ती थरथरेल," त्या म्हणाल्या. "एक हात मानेखाली, एक कमरेखाली. बाकी मी बघते."

खारूला पाण्यावर ठेवलं तेव्हा तिनं अंग ताठ केलं आणि घशातून असा आवाज काढला की त्याला वाटलं, हिला आठवतंय. बाई म्हणाल्या, हे नव्या गोष्टीचं आहे, आठवण नाही. त्यांना काय ठाऊक, आणि त्याला तरी काय. पहिल्या दिवशी तिला लगेच बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या वेळीही. घरी येताना ताई म्हणाली, "उगाच हाल करतोय का आपण?" 'आपण' म्हणाली हे त्याला घरी गेल्यावर उमजलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला, बाई तिची टाच धरून हळूहळू हलवत असताना, कात्री सुटली. पाय एकमेकांपासून थोडे दूर गेले आणि तसेच तरंगत राहिले. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. नुसतं तोंड सैल पडलं होतं, झोपलेल्या मुलाचं पडतं तसं. ताई दारातून दोन पावलं आत आली. "दुखत नाहीये तिला," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, तेव्हापासूनचं सगळं रडली. त्याला तिच्याकडे जायचं होतं. पण हात खारूच्या मानेखाली आणि कमरेखाली होते. तो जागचा हलला नाही.

त्यानंतर ते नेमानं जाऊ लागले. खारू सुधारली असं म्हणता येणार नाही. बसता येत नाही, हाक मारली तर वळत नाही. त्या दिवसांपुरतं दुखणं कमी होतं, कपडे बदलताना किंचाळत नाही, एवढंच. भावजी अजून अहोजाहो करतात. ताईही पूर्वीची झाली नाही. क्षमा केली का, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण रविवारी तो आला की ती आता आतल्या खोलीत जात नाही, तिथेच भाजी निवडत बसते.

हौदावर येणारे बाकीचे आईबाप त्याला शिष्ट समजतात. कुणी नमस्कार केला, कुणी पोरीची चौकशी केली, तर तो मान वर करत नाही. त्याची नजर खारूच्या तोंडावरून हलत नाही. नव्यानं येणारी एक बाई एकदा ताईला म्हणाली, "तुमचे भाऊ बोलत नाहीत का हो कुणाशी?"

"पाण्यात असताना नाही," ताई म्हणाली. "काही हवं असेल तर मला विचारा."

परवा पोरीला बाहेर काढून जाकीट सोडताना पायांमधला पट्टा पार टोकाला आलेला दिसला. बकलाखाली मांडीवर लाल वळ उठला होता. ताईनं त्यावरून अंगठा फिरवला.

"हे लहान व्हायला लागलं. पुढचं घ्यावं लागणार."

"जाऊ उद्या," तो म्हणाला.

ताईनं पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि दोघांनी मिळून खुर्चीत उचलून ठेवलं. पूर्वी ती एकटीनं उचलायची. आता दोघांनाही धाप लागली. जरा वेळ खुर्चीच्या दोन बाजूंना दोघं वाकून उभे राहिले.

"वजन वाढलंय हिचं," ताई म्हणाली.

"वाढणारच," तो म्हणाला, आणि खाली बसून खारूचे पाय पुसू लागला.